फी माफ झाली, पण खोलीचं काय?

कैवारी : शंका नंतर काढा, आधी थोडा हिशेब ऐका. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी कोल्हापुरात राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हस्ते शिवाजी विद्यापीठाचं उद्घाटन झालं, तेव्हा त्याच्याकडे ३४ महाविद्यालयं आणि सुमारे १४,००० विद्यार्थी होते. सोलापूर जिल्हाही याच हद्दीत होता. २००४ मध्ये तो वेगळ्या विद्यापीठाकडे गेला. अख्खा जिल्हा वजा झाला, तरी कोल्हापूर, सांगली आणि सातारा मिळून आज महाविद्यालयं अडीचशेच्या वर आणि विद्यार्थी दोन लाखांच्या वर आहेत. चंदगड, शाहूवाडी, जत, माण अशा तालुक्यांतल्या मुलीला पूर्वी पदवी हवी तर घर सोडावं लागायचं, म्हणजे बहुतेक वेळा पदवीच सोडावी लागायची. आता ती सकाळची एसटी धरते आणि दुपारी घरी असते. प्रवेश अर्जातला 'वडिलांचे शिक्षण' हा रकाना वाचत गेलात तर सातवी, नववी, दहावी नापास अशी उत्तरं भेटतील. हे सगळं सरकारी फीमध्ये झालं आहे. अशा विद्यापीठाकडे नाक मुरडणं सोपं आहे, सर; त्याच्याशिवाय या तीन जिल्ह्यांचं काय झालं असतं ते सांगा.

शंकेखोर : मॅडम, आकडे खरे आहेत, पण ते आत आलेल्यांचे आहेत. बाहेर कोण पडलं आणि कधी पडलं, ते या आकड्यात नाही. आणि 'आत' म्हणजे तरी कुठे? विद्यापीठाचं संकुल ८५३ एकरांचं, २०२१ मध्ये नॅकने त्याला ए डबल प्लस दिलं. कौतुक आहे. पण तुमच्या दोन लाखांतले या संकुलात शिकणारे मूठभर. बाकीचे तालुक्याच्या कॉलेजात, आणि त्यातली कित्येक कॉलेजं २००१ नंतरच्या 'कायम विनाअनुदानित' धोरणातली. तिथे शिक्षकाचा पगार सरकार देत नाही, तो विद्यार्थ्याच्या फीमधून काढायचा. तिथल्या मुलीला विद्यापीठ भेटतं ते दोनदा : परीक्षेचा फॉर्म भरताना आणि निकाल लागताना. वेतन अनुदान सोडलं तर विद्यापीठाच्या स्वतःच्या उत्पन्नात परीक्षा आणि संलग्नता शुल्काचा वाटा मोठा असतो. म्हणजे चंदगडची मुलगी संकुलात शिकत नाही, पण त्याच्या खर्चाला हातभार लावते. हे कुणी तिला सांगितलेलं नाही.

आता आत आलेले कोण, तेही बघू. सांगलीच्याच वसंतदादा पाटलांनी १९८३ मध्ये मुख्यमंत्री म्हणून खाजगी विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट करून दिली. तेव्हापासून ऐपत असलेल्या बागायतदार घरातला मुलगा त्या वाटेने गेला. पुढे अभिमत विद्यापीठं आली, अतिग्र्यात घोडावत विद्यापीठ उभं राहिलं, पुणं तर चार तासांवर आहेच. बारावी शास्त्र शाखेच्या पोरांचा क्रम तुम्हाला माहीत आहे : आधी नीट किंवा सीईटी, मग फार्मसी, मग बीसीए, काहीच जमलं नाही तर बी.एस्सी. आणि बी.ए.ला कोण येतं, ते क्रमात धरतच नाही कुणी. सर्वांना खुलं असलेलं विद्यापीठ हळूहळू दुसरीकडे जाता न आलेल्यांचं विद्यापीठ झालं आहे. तुम्ही त्याला समावेशक म्हणता. मला ती गळती वाटते.

कैवारी : दुसरीकडे जाता न आलेल्यांचं विद्यापीठ. बरं. मग ते सार्वजनिक पैशातून चालवायला याहून चांगलं कारण कोणतं? ज्याला सगळीकडे जाता येतं त्याच्यासाठी बाजार आहेच.

खर्चाचं बोलू. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना वर्षाला १,२०० रुपयांपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलांना फी माफ झाली. लोक अजून त्या सवलतीला 'ईबीसी' म्हणतात. जात न विचारता घरची मिळकत विचारणारी ती सवलत होती, आणि दक्षिण महाराष्ट्रातली एक अख्खी पिढी तिच्यावर शिकली. तीच आज राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने चालते, मर्यादा ८ लाख. जुलै २०२४ मध्ये शासनाने पुढचं पाऊल टाकलं : आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास (एसईबीसी) आणि ओबीसी घरांतल्या, ८ लाखांच्या आतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. आधी निम्मं माफ होतं. त्यासाठी वर्षाला ९०६ कोटींचा जादा भार उचलला. लक्षात घ्या, खाजगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं यातून वगळली आहेत. मुलीला ही माफी हवी असेल तर तिला सार्वजनिक विद्यापीठाच्या छत्राखालीच यावं लागतं.

प्रवेशातही तेच. अनुसूचित जाती १३ टक्के, जमाती ७, विमुक्त आणि भटक्या ११, विशेष मागास २, इतर मागास १९. त्यावर २०१९ पासूनचे आर्थिक दुर्बल १० आणि २०२४ च्या कायद्याने एसईबीसी १०. बेरीज ७२ वर जाते. सीमाभागातल्या ८६५ गावांमधल्या मराठी भाषक मुलांसाठी अभियांत्रिकीच्या केंद्रीय प्रवेशात वेगळा प्रवर्ग आहे. एवढ्या थरांतल्या लोकांना नावानिशी जागा राखणारी दुसरी कोणती व्यवस्था आपल्याकडे आहे?

शंकेखोर : जागा राखली हे खरं, पण ज्या जागेला गिऱ्हाईकच नाही ती राखून काय साधतं? तालुक्याच्या कॉलेजात बी.ए.च्या प्रथम वर्षाला जागा शिल्लक राहतात. तिथे आरक्षण प्रवेशासाठी लागत नाही, शिष्यवृत्तीसाठी लागतं. प्रवेशासाठी ते जिथे लागतं, म्हणजे जिथे खरोखर चढाओढ आहे, त्या जागा पुण्यात आणि मुंबईत. तिथे पोचायला आधी खोली लागते.

त्या खोलीचाच हिशेब करू, आणि माझ्या नव्हे, सरकारच्या आकड्यांनी. अनुसूचित जातीच्या ज्या विद्यार्थ्याला शासकीय वसतिगृहात जागा मिळत नाही त्याला 'स्वाधार' योजनेतून पैसे मिळतात. मुंबई, पुणे, नागपूरसारख्या शहरांत वर्षाला ६०,०००. जिल्ह्याच्या ठिकाणासाठी ठरलेले ४३,००० : जेवणाचे २५,०००, राहण्याचे १२,०००, बाकीच्याचे ६,०००. दहा महिन्यांचं वर्ष धरलं तर राहायला महिन्याला बाराशे आणि जेवायला अडीच हजार. बाराशेत कॉट बेसिसवर सुद्धा काय मिळतं, ते कुठल्याही जिल्ह्याच्या गावी चौकशी करून बघा. तरी हा आकडा मी मानतो, कारण तो सरकारने स्वतः लिहून दिला आहे. घराबाहेर शिकायला वर्षाला चाळीस-पन्नास हजार लागतात, ही सरकारी कबुली आहे. अनुदानित बी.ए.ची फी काही हजारांत संपते. आपण माफ करतो ती फी. खोली, मेस आणि एसटी तिच्याच गळ्यात राहतात.

एसटीचीच गंमत बघा. अहिल्याबाई होळकर योजनेत मुलींना बारावीपर्यंत पास फुकट. बारावी झाली, कॉलेज गावापासून लांब गेलं, आणि नेमका तेव्हाच पास विकत घ्यावा लागतो. विद्यार्थ्यांना मासिक पासात दोनतृतीयांश सवलत आहे, २०२३ पासून बायकांना तिकिटात निम्मी सवलतही आहे, नाही म्हणत नाही. पण जिथे दिवसातून दोनच गाड्या येतात तिथे सवलत कशावर घेणार?

आणि पैसे कधी लागतात? जून-जुलैत. आमच्याकडे उसाचा हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो, बिलं त्यानंतर. कायद्याने उसाचा किमान दर, म्हणजे एफआरपी, १४ दिवसांत द्यायची; दर हंगामात तिच्यासाठी आंदोलन होतं, त्यावरून ती कशी मिळते ते समजा. जूनमध्ये घरात असतं ते पीककर्ज आणि खताची उधारी. त्याच महिन्यात पोरीचा प्रवेश, पोराची अकरावी. शिष्यवृत्ती महाडीबीटीवर भरायची, ती येणार वर्ष सरताना किंवा सरल्यावर. अनुसूचित जातीसाठी अडीच लाखांची मर्यादा, केंद्र आणि राज्याचा वाटा ६० आणि ४०. यांतला एक वाटा अडकला की दुसरा थांबला. ज्याच्याकडे वर्षभर थांबायला पैसे आहेत त्यालाच ही मदत वेळेवर आल्यासारखी वाटते.

कैवारीने यावर लगेच उत्तर दिलं नाही, पण माघारही घेतली नाही. एक गोष्ट मात्र दोघांच्याही बोलण्यातून निसटते आहे. खर्चात वेळही असतो. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, नॉन-क्रीमी लेयर, जात प्रमाणपत्र, जात वैधता, बँक खात्याला आधार जोडणी. यांतला प्रत्येक कागद म्हणजे तहसीलला किंवा सेतू केंद्रावर एक हेलपाटा, आणि मजुरी करणाऱ्या बापाचा एक बुडालेला दिवस. शिक्षण शुल्काच्या कोणत्याही तक्त्यात हा रकाना नसतो.

कैवारी : कागदांचा जाच मान्य. पण कागद टाळायचे तर एकच उपाय आहे, सवलत सगळ्यांना सरसकट. मग तुम्हीच म्हणाल की बागायतदाराच्या मुलीची फी सरकारने का भरावी. गरजू ओळखायचा म्हटलं की कुणीतरी दाखला मागणारच.

आणि खोली, मेसचं म्हणाल तर म्हणूनच मी तालुक्याच्या कॉलेजची बाजू घेते. घराबाहेर राहायला चाळीस-पन्नास हजार लागतात ना? मग कॉलेज गावाजवळ आणा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले इथे रयत शिक्षण संस्था सुरू केली, आणि तिच्या शाखा आज खेडोपाडी आहेत. त्या माणसाने शहराच्या दारात खेड्याला उभं केलं नाही, शाळाच खेड्यात नेली. महाविद्यालयांचं जाळं त्याच विचाराचा विस्तार आहे. हॉस्टेलवर ४३,००० खर्च करण्यापेक्षा तेवढ्यात किती मुलींना घरून शिकता येईल, हिशेब करा.

शंकेखोर : कर्मवीरांचं नाव घेतलंत तर पुरतं घ्या. त्यांचं सगळ्यात गाजलेलं काम शाळा नव्हे, वसतिगृह आहे. १९२४ मध्ये साताऱ्याला छत्रपती शाहू बोर्डिंग. सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला, स्वयंपाक आणि कामं स्वतः करून. 'कमवा आणि शिका' तिथूनच आलं. मुळात ती कल्पना फी भरण्याची नव्हतीच, जेवणाची होती. १९४७ मध्ये साताऱ्याला शिवाजी कॉलेज निघालं ते बोर्डिंगच्या पाठीवर.

आणि ज्यांच्या नावाने तुमची ईबीसी चालते त्या शाहू महाराजांचं काय? कोल्हापुरात राजाराम कॉलेज १८८० पासून होतं. खेड्यातलं पोर तिथे का येत नव्हतं? राहायला जागा नव्हती म्हणून. महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं. मग जैन, मुस्लिम, लिंगायत अशी एकामागून एक बोर्डिंगं. १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाच्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह. १९०२ च्या पन्नास टक्के राखीव जागांचा हुकूम सगळ्यांना पाठ आहे, पण त्या जागांवर बसणारी माणसं कुठून येणार, त्याची तजवीज हुकुमाच्या वर्षभर आधी सुरू झाली होती. त्यांना कळलं होतं की गरीब मुलाचा खर्च म्हणजे मुख्यतः भाकरी आणि छप्पर.

आपण काय केलं? जागा राखल्या, फी माफ केली, कॉलेजं वाटली. बोर्डिंग मात्र वाढवलं नाही. कारण कॉलेज काढलं तर त्यावर संस्थाचालकाचं नाव लागतं, मतदारसंघात फलक लागतो. बोर्डिंगला रोज दोन वेळ डाळ शिजवावी लागते.

कैवारी : हे मी लिहून घेते. पण एक विचारते : बोर्डिंग कुणाचं? तुम्ही सांगितलेली शंभर वर्षांपूर्वीची सगळी बोर्डिंगं मुलांची होती. आजचा प्रश्न मुलींचा आहे, आणि मुलीच्या बाबतीत चाळीस हजार ही शेवटची अडचण असते, पहिली नाही. पहिली असते, 'एकटी राहणार?' शहरातल्या हॉस्टेलवर पाठवायचं म्हटलं की घरात बैठक बसते. सकाळी जाऊन दुपारी येणार म्हटलं की बैठक बसत नाही. तालुक्याच्या कॉलेजने मुलीला ही परवानगीच मागावी लागू नये, अशी सोय केली. तुम्ही जिला गळती म्हणालात तिच्यातून काय झालं ते देशाच्या पाहणीत दिसतं. २०२१-२२ मध्ये मुलींचं उच्च शिक्षणातलं पटनोंदणीचं प्रमाण २८.५ आणि मुलांचं २८.३. शास्त्र शाखेत ५७.२ लाख विद्यार्थ्यांपैकी २९.८ लाख मुली. महाराष्ट्राचं एकूण प्रमाण ३५.३, म्हणजे देशाच्या सरासरीच्या बरंच वर. हे आयआयटीने केलेलं नाही. जत आणि आजऱ्यासारख्या गावांतल्या कॉलेजांनी केलं आहे.

शंकेखोर : मुली वाढल्या, मला आनंद आहे. पण मुलगे कुठे गेले तेही सांगा. बी.ए.च्या वर्गात बघा. मुलं पोलिस भरतीच्या मैदानावर आहेत, सैन्य भरतीची पळापळ करताहेत, नाहीतर कागल आणि शिरोलीच्या एमआयडीसीत लागली आहेत. घरच्यांनी हिशेब केला आहे : तीन वर्षांच्या पदवीने मुलाला जे मिळत नाही ते बारावीवर लागलेल्या कामाने मिळतं. मुलीला काम शोधायचं नाही, तिचं लग्न ठरेपर्यंतची वर्षं आहेत, मग शिकू दे. कडू बोलतो, पण काही घरांत पदवी म्हणजे स्थळ येईपर्यंतचं बाकडं झालं आहे. मुलींच्या टक्केवारीत ही घरंही मोजली जातात.

नव्या शैक्षणिक धोरणाने त्याला एक सभ्य नावही दिलं. एक वर्ष करून बाहेर पडा, प्रमाणपत्र. दोन वर्षं, पदविका. तीन, पदवी. चार, ऑनर्स. जिचं दुसऱ्या वर्षी लग्न ठरलं तिला पूर्वी आपण 'शिक्षण अर्धवट राहिलं' म्हणायचो. आता तिने 'एक्झिट' घेतली असं म्हणू, आणि गळतीचा आकडा कागदावरून पुसला जाईल.

शिकवतं कोण, ते तर बोलायचंच राहिलं. कायम प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या. वर्ग सांभाळतात ते तासिका तत्त्वावरचे. नेट, सेट, पीएच.डी. झालेली माणसं तासाच्या दराने, सुट्टीत बिनपगारी, दोन-दोन कॉलेजांत मोटारसायकलवर फिरत. त्यातले कित्येक याच कॉलेजांतून शिकून वर आलेले, पहिल्या पिढीचे. तुमच्या विद्यापीठाने ज्यांना वर आणलं त्यांनाच ते असं वापरतं.

कैवारी : तासिकावाल्यांबद्दल मी वाद घालणार नाही, तिथे बाजू घेण्यासारखं काही नाही. 'बाकड्या'बद्दल घालीन. मुलीला शिकायला का पाठवलं हे घरचे ठरवतात. तिथे तीन वर्षं काढून ती काय करते ते तिच्या हातात असतं. स्थळाची वाट बघायला पाठवलेल्या मुली एम.ए. करून सेट होतात, बँकेत लागतात, तलाठी होतात. वाट बघायची जागा पुस्तकांच्या शेजारी असली तर काही जणी उठून निघून जातात. त्यासाठी जागा चालू ठेवावी लागते.

आणि दार जरा घट्ट केलं की काय होतं, त्याचा प्रयोग आपण नुकताच करून पाहिला. २०२४ मध्ये बीबीए, बीसीए हे अभ्यासक्रम एआयसीटीईच्या अखत्यारीत गेले आणि त्यांना राज्याची सीईटी लागू झाली. जागा लाखाच्या वर, पहिल्या परीक्षेला बसलेले पन्नास हजारांच्या आत. कित्येक मुलांना अशी परीक्षा असते हेच ठाऊक नव्हतं. मग ऑगस्टमध्ये पुन्हा परीक्षा घ्यावी लागली. काही कॉलेजांनी अभ्यासक्रमाचं नावच बदलून सीईटी टाळली. शहरातल्या मुलाला क्लासवाला फॉर्मची तारीख कळवतो. आजऱ्याच्या मुलाला ती कळते तारीख गेल्यावर. गुणवत्तेसाठी म्हणून लावलेली चाळणी माहिती कुणापर्यंत पोचली, तेच मोजते. म्हणून 'ज्याला हवं तो या' ही बी.ए.ची जुनी पद्धत मला आळशी वाटत नाही.

शंकेखोर : त्या सीईटीचं तुमचं बरोबर आहे, तिथे माझ्याकडे उत्तर नाही. पण 'ज्याला हवं तो या' म्हटल्यावर कोण कशासाठी येतं ते पाहा. एम.ए.च्या पटावर नाव असलेली कित्येक मुलं वर्गात नसतात, अभ्यासिकेत असतात. त्यांना एम.ए. नकोच आहे. त्यांना हॉस्टेलची कॉट हवी, ग्रंथालयाचा पास हवा, आणि एमपीएससीची दोन वर्षं स्वस्तात काढायची आहेत. त्यांना दोष देत नाही. पुण्यात सदाशिव पेठेत कॉट आणि अभ्यासिका मिळून जे मोजावं लागतं त्यापेक्षा इथली एम.ए.ची फी परवडते. पण मग तुमचे दोन लाख विद्यार्थी म्हणजे नक्की कोण? काही स्पर्धा परीक्षेचे भाडेकरू, काही लग्नाच्या वाटेवरच्या, काही शिष्यवृत्तीपुरते, आणि काही खरोखर शिकायला आलेले. या सगळ्यांना एकाच आकड्यात बसवून तुम्ही छाती फुगवता.

कैवारी : बघा, आता तुम्हीच माझी बाजू मांडलीत. मुलं एम.ए.च्या नावाखाली कॉट मागायला येतात, म्हणजे त्यांना विद्यापीठाकडून काय हवं आहे ते त्यांनीच सांगितलं आहे. तुमच्या शाहू महाराजांनी जे ओळखलं होतं, तेच. बोर्डिंग नाही म्हणून ते एम.ए.त शिरतात.

मग दोघांनी मिळून एक मागणी ठरवू. तालुक्याचं कॉलेज बंद करू नका, आणि संकुलातलं बोर्डिंग दुप्पट करा.

शंकेखोर : दोन्ही? पैसा एका खिशातून येतो. आणि धोरण तुमच्या बाजूने नाही. २०२० चं राष्ट्रीय धोरण म्हणतं, प्रत्येक संस्थेत ३,००० किंवा अधिक विद्यार्थी असावेत, आणि संलग्नतेची पद्धत १५ वर्षांत टप्प्याटप्प्याने संपवावी. तीनशे पटाचं डोंगरातलं कॉलेज त्यात कुठे बसतं? ते मोठ्या कॉलेजात विलीन होईल, नाहीतर आपोआप मिटेल. म्हणून मी आधी एक गोष्ट मागतो, आणि ती फुकटची आहे. दरवर्षी विद्यापीठाने तालुकावार तक्ता छापावा : प्रथम वर्षाला किती मुली आल्या, तृतीय वर्षाची परीक्षा किती जणींनी दिली, मधल्या कुठे गेल्या. फी माफ होऊनही मुली कुठे गळतात ते दिसलं, तर बोर्डिंग कुठे हवं, गाडी कुठे हवी, हेही दिसेल.

कैवारी : तो तक्ता छापला की पहिल्यांदा कोण वाचेल माहीत आहे? कमी पटाची कॉलेजं बंद करायला निघालेला अधिकारी. गगनबावड्याच्या नावापुढे मोठी गळती दिसली की तिथे गाडी वाढणार नाही, तुकडी बंद होईल. शाळांचं असंच झालं. पट कमी म्हणून वाडीवरची शाळा समायोजित झाली, आणि तिथली पोरं दोन किलोमीटर चालू लागली.

शंकेखोर : आणि आकडा नसेल तर बोर्डिंगसाठी प्रस्ताव कशाच्या जोरावर पाठवायचा? 'मुलींची गैरसोय होते' एवढ्या वाक्यावर नियोजन समिती पैसे देत नाही.

कैवारी : मग तक्त्यात आणखी दोन रकाने घाला. त्या वर्षी वसतिगृहासाठी किती मुलींनी अर्ज केला आणि किती जणींना नाही म्हटलं. शिष्यवृत्ती मंजूर कधी झाली आणि खात्यात कधी आली. हे विद्यापीठाने आणि समाजकल्याणने स्वतःच्या सहीने द्यावं. ते दोन रकाने आधी छापा. एक वर्ष नुसते तेच छापा. गळतीचा रकाना त्यानंतर.

शंकेखोर : एक वर्ष थांबायचं, म्हणजे आणखी एक तुकडी मोजणीतून सुटणार.

कैवारी : हो, सुटणार. त्या तुकडीतल्या मुलींना याचं काय उत्तर द्यायचं ते मला अजून सुचलेलं नाही. पण गळतीचा रकाना एकटा बाहेर पडला, तर त्यांच्या धाकट्या बहिणींना प्रवेश घ्यायला कॉलेज उरेल, याची हमी तुम्ही द्याल?

शंकेखोराने ती दिली नाही.